गाय गाभडली गोठ्यात, कंबर धरली मालकाची. एकाच रोगाच्या दोन नोंदवह्या

अहिल्यानगर : जिल्ह्याच्या दूधपट्ट्यातल्या कुठल्याही गावात वर्षात दोन-चार वेळा घडणारा हा प्रसंग आहे. रात्री दोन-अडीचला गोठ्यात गाय अस्वस्थ होते. सात महिन्यांची गाभण, अजून दिवस बाकी. मालक बॅटरी घेऊन जातो तर वासरू अर्धं बाहेर, मेलेलं. बाह्या वर सारून तो वासरू ओढून काढतो. वार पडत नाही, म्हणून सकाळी गावातला खाजगी डॉक्टर येऊन हाताने काढतो. घरातली बाई गोठा झाडते, ओला पाला भरून उकिरड्यावर टाकते. मेलेलं वासरू ओढ्याकडेला टाकलं जातं आणि रात्रीतून कुत्री त्याचं काम संपवतात. दोन दिवस घरात हळहळ होते, मग ज्याचा त्याचा धंदा सुरू.

तीन-चार आठवड्यांनी त्याच मालकाला संध्याकाळचा ताप भरायला लागतो. रात्री घाम फुटून बनियन ओलं होतं. सकाळी बरं वाटतं, म्हणून तो धार काढायला बसतो. पुढे कंबर धरते, खुबा दुखतो, गुडघा सुजतो. दवाखाना होतो, सलाईन होते, टायफॉइडची गोळी होते. ताप जातो आणि परत येतो. दोन महिन्यांनी कुणी वात सांगतं, कुणी चिकनगुनिया सांगतं, कुणी मणक्याची गादी सरकली म्हणतं.

गाय गाभडली ती पशुवैद्यकीय दवाखान्याची बाब आणि कंबर धरली ती प्राथमिक आरोग्य केंद्राची. बऱ्याच गावांत या दोन इमारतींत हाकेचं अंतर असतं. पण इकडची नोंदवही तिकडे जात नाही. आणि रोग मात्र एकच असू शकतो. त्याचं नाव ब्रुसेलोसिस. पशुसंवर्धन खात्याच्या भाषेत सांसर्गिक गर्भपात.

रोग नेमका काय आहे

ब्रुसेला नावाच्या जिवाणूमुळे हा रोग होतो. गाई-म्हशींत प्रामुख्याने ब्रुसेला अबॉर्टस ही जात असते, शेळ्या-मेंढ्यांत ब्रुसेला मेलिटेन्सिस. माणसाला दोन्ही लागतात, पण शेळी-मेंढीकडून येणारी जात माणसाला जास्त त्रास देते.

जनावरात या जिवाणूचा मुक्काम गर्भाशयात, वारेत आणि कासेत असतो. बाधित गाय बहुतेक वेळा पाचव्या महिन्यानंतर गाभडते. वार अडकते. त्या वेळी जे वासरू, जी वार आणि जो स्राव बाहेर पडतो त्यात जिवाणूंची संख्या प्रचंड असते. गोठ्यातल्या दुसऱ्या गाई ते चाटतात, तिथलाच चारा खातात आणि रोग दावणीने पुढे सरकतो.

इथेच शेतकऱ्याची फसगत होते. एकदा गाभडलेली गाय पुढच्या वेताला बहुतेक दिवस भरून नीट विते. मालक म्हणतो, झालं गेलं, आता गाय चांगली आहे. पण ती बरी झालेली नसते. दुधातून आणि प्रत्येक वेताच्या स्रावातून ती जिवाणू सोडत राहते. बाहेरून बघून ओळखता येत नाही. अंगावर गाठी नाहीत, तोंडाला फेस नाही, लंगडणंही बहुतेक वेळा नाही. २०२२ साली लम्पी आला तेव्हा जनावरांचे बाजार बंद झाले, गावोगाव फवारण्या झाल्या, कारण रोग डोळ्याला दिसत होता. सांसर्गिक गर्भपात दिसत नाही, म्हणून त्यावर ग्रामसभेत कुणी बोलत नाही.

माणसाला तो तीन वाटांनी लागतो. पहिली वाट हातांची. गाभडलेलं वासरू, वार, स्राव उघड्या हाताने हाताळला आणि हाताला चीर, खरचटलेलं, काट्याची जखम असली की जिवाणू आत जातो. शेतकऱ्याच्या हाताला जखम नाही असा दिवस तरी कोणता? दुसरी वाट निरशा दुधाची. तिसरी वाट श्वासाची आणि डोळ्यांची. कोंदट गोठा झाडताना उडालेला अंश नाकातोंडात जातो, वार काढताना उडालेला शिंतोडा डोळ्यात जातो.

माणसाकडून माणसाला मात्र हा रोग सहसा लागत नाही. त्यामुळे घरात कुणाला झाला तर त्याचं ताट-वाटी वेगळं करायचं काही कारण नाही. ही गोष्ट आधीच स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर लोक रोगापेक्षा बोभाट्याला जास्त भितात.

सांध्यातच का बसतो

जिवाणू अंगात शिरल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी त्रास सुरू होतो. ताप चढतो-उतरतो. घाम येतो. अंग मोडून येतं, भूक जाते, वजन घटतं. रक्तावाटे जिवाणू यकृत, प्लीहा, हाडांचा मगज इथे जाऊन लपून बसतो. पेशींच्या आत राहत असल्यामुळे साध्या चार-पाच दिवसांच्या औषधाला तो दाद देत नाही.

या रोगात सगळ्यांत जास्त आढळणारी गुंतागुंत हाडा-सांध्यांची आहे. कंबर जिथे खुब्याच्या हाडाला जोडली जाते तो सांधा, खुबा, गुडघा, घोटा आणि पाठीचा कणा या त्याच्या आवडीच्या जागा. तरुण माणसाचा बहुतेक कंबरेखालचा सांधा किंवा गुडघा धरतो. वय झालेल्याचा मणका धरतो. मणक्याचा प्रकार सगळ्यांत चिवट, कारण तो लवकर सापडत नाही आणि बरा व्हायलाही वेळ घेतो.

पुरुषांमध्ये काहींच्या वृषणाला सूज येते, दुखतं. हे कुणी बोलत नाही. गावात तर नाहीच. गरोदर बाईला लागला तर गर्भपात होऊ शकतो. फार थोड्या रुग्णांत हृदयाच्या झडपेवर किंवा मेंदूवर परिणाम होतो आणि तेव्हा जिवावर बेतू शकतं. मृत्यूचं प्रमाण कमी आहे. पण हातावर पोट असलेला माणूस सहा महिने वाकू शकत नसेल तर घराचं काय होतं, हे दूधधंद्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. सकाळी पाचला आणि संध्याकाळी पाचला गाईखाली कुणीतरी बसावंच लागतं. मालक नाही बसला तर बायको बसते, आणि पोरगं शाळा बुडवून वैरण आणतं.

चुकतं कुठे

तापाचा आणि सांधेदुखीचा रुग्ण आला की डॉक्टरच्या डोळ्यांसमोर टायफॉइड, मलेरिया, डेंग्यू, चिकनगुनिया येतात. ते स्वाभाविक आहे, त्यांचे रुग्ण जास्त असतात. विडाल तपासणी होते, काहीतरी थोडंफार पॉझिटिव्ह येतं, आठ-दहा दिवसांचं औषध दिलं जातं. त्या औषधाने कधी ताप दबतो आणि सगळ्यांनाच वाटतं, निदान बरोबर होतं. महिन्याने परत ताप.

मग कंबरेचा एक्स-रे, मग एमआरआय. मणक्यात दोष दिसला तर क्षयरोगाची शंका येते. ही शंका चुकीची नाही. मणक्याचा टीबी आपल्याकडे आहेच, आणि निरशा दुधातून जनावराचा टीबीही माणसाला लागू शकतो. अडचण पुढची आहे. रिफाम्पिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही टीबीची औषधं ब्रुसेलावरही चालतात. त्यामुळे टीबी समजून औषध सुरू झालं की रुग्णाला काही दिवस बरं वाटू शकतं आणि खरा रोग झाकला जातो.

ज्याच्याकडे एमआरआयला पैसे नाहीत तो वेदनाशामक गोळ्या खातो. मेडिकलवाल्याकडून पुडी नेतो, गुडघ्यात सुई घेतो, तेल लावून शेकतो. कुणी हाडवैद्याकडे जातो. रोग अंगावर काढला जातो.

या सगळ्या प्रवासात एक प्रश्न कुणीच विचारत नाही: तुमच्या गोठ्यात गेल्या सहा महिन्यांत कुठलं जनावर गाभडलं का, आणि ते हाताने कुणी काढलं?

हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही. उत्तर हो आलं तर रक्ताची तपासणी करता येते. रोज बंगाल नावाची प्राथमिक तपासणी स्वस्त आहे आणि काही मिनिटांत होते; ती जनावराच्या रक्तावरही होते आणि माणसाच्याही. ती पॉझिटिव्ह आली तर पुढच्या तपासण्या करून खात्री करायची असते. रक्ताचं कल्चर करायचं असेल तर डॉक्टरने प्रयोगशाळेला आधी सांगावं लागतं की ब्रुसेलाची शंका आहे. कारण हा जिवाणू सावकाश वाढतो आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही लागतो.

उपचार आहे आणि तो महाग नाही. मोठ्या माणसाला साधारणपणे डॉक्सीसायक्लिन सहा आठवडे आणि सोबत रिफाम्पिसिनच्या गोळ्या किंवा सुरुवातीचे काही दिवस इंजेक्शनं, असा दोन औषधांचा कोर्स असतो. मणका धरला असेल तर तीन महिने किंवा त्याहून जास्त. लहान मुलं आणि गरोदर बायांना औषधं वेगळी लागतात. त्यामुळे हे सगळं डॉक्टरच्या देखरेखीखालीच, मेडिकलवरून परस्पर नाही. तीन आठवड्यांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या की रोग उलटतो.

माल्टाच्या शेळ्या आणि तीस वर्षांचा घोळ

माणसाचा डॉक्टर एकीकडे आणि जनावराचा डॉक्टर दुसरीकडे, हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. या रोगाचा इतिहासच तसा आहे.

भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना विचित्र ताप यायचा. चढणारा-उतरणारा, महिनोन्महिने चालणारा. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून जिवाणू शोधून काढला. पण तो येतो कुठून, हे कळायला १९०५ साल उजाडलं. थेमिस्टोक्लिस झमित या माल्टाच्याच डॉक्टरने शेळ्यांची तपासणी केली आणि धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये हा जिवाणू सापडला. १९०६ साली सैनिकांना शेळीचं निरसं दूध बंद केलं आणि छावणीतला ताप झपाट्याने खाली आला.

दरम्यान १८९७ साली डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग या पशुवैद्याने गाई गाभडण्यामागचा जिवाणू शोधला होता. म्हणजे डॉक्टरांकडे एक जिवाणू होता, पशुवैद्यांकडे एक होता, आणि हे दोन्ही जवळचे भाऊबंद आहेत हे वीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. ते १९१८ साली अमेरिकेत ॲलिस इव्हान्स या संशोधक बाईंनी मांडलं आणि गाईचं दूध तापवल्याशिवाय पिऊ नका असं सांगितलं. सुरुवातीला त्यांचं कुणी ऐकलं नाही. पुढे १९२२ मध्ये त्यांना स्वतःलाच हा रोग लागला आणि तो वर्षानुवर्षं त्यांना छळत राहिला.

ब्रूसच्या शोधापासून इव्हान्स यांच्या मांडणीपर्यंत तीस वर्षं गेली, कारण दोन खाती एकमेकांशी बोलत नव्हती. आज शोध लागून शंभर वर्षं उलटली आहेत, आणि आपल्या तालुक्यात परिस्थिती तीच आहे.

लस आहे, पण दावणीत किती?

केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेतून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस हे दोन रोग त्यात धरले आणि पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. लाळ्या-खुरकूतची लस आता गावागावात माहीत आहे. ब्रुसेलाची लस मात्र अनेक शेतकऱ्यांना नावानेही माहीत नाही.

या लसीचं गणित वेगळं आहे. ती फक्त मादी वासरांना द्यायची, म्हणजे कालवड आणि पारडी. वय चार ते आठ महिने. आयुष्यात एकदाच. नर वासराला नाही, गाभण गाईला नाही, मोठ्या गाईला नाही. कारण ही जिवंत जिवाणूंची लस आहे. गाभण जनावराला दिली तर तेच गाभडू शकतं, आणि मोठ्या जनावराला दिली तर पुढे रक्ततपासणीत लसीचा परिणाम कोणता आणि रोग कोणता हे ओळखणं अवघड होतं.

चार महिन्यांची ही खिडकी चुकली की ती कालवड आयुष्यभर लसीविना राहते. लाळ्या-खुरकूतसारखं 'पुढच्या फेरीत घेऊ' इथे चालत नाही. गावात पथक ज्या दिवशी येतं त्या दिवशी कालवड अडीच महिन्यांची असेल तर ती राहते, आणि पुढची फेरी यायला उशीर झाला तर ती वयाबाहेर जाते. म्हणून मालकानेच वासराच्या जन्माची तारीख लिहून ठेवून पाचव्या महिन्यात दवाखान्यात निरोप देणं, हा सगळ्यांत सोपा उपाय आहे.

दुसरी त्रुटी मोठी आहे. ब्रुसेलाची ही लसमोहीम गाई-म्हशींच्या वासरांसाठी आहे. शेळ्या-मेंढ्या तिच्यात नाहीत. पारनेर, पाथर्डी, कर्जत, संगमनेरच्या पठारावर शेळी हीच गरिबाची गाय आहे, आणि धनगरवाड्यांवर हजारो मेंढरं आहेत. मेंढपाळ रानात उघड्यावर कोकरं काढतो. हात धुवायला पाणीही जवळ नसतं. माणसाला जास्त त्रास देणारी जात शेळ्या-मेंढ्यांत, आणि मोहीम गाई-म्हशींची. ही विसंगती तालुक्याच्या पातळीवर सुटणारी नाही. पण निदान या वाड्यांवरच्या तापाच्या आणि सांधेदुखीच्या रुग्णाला आरोग्य केंद्राने वेगळ्या नजरेने बघायला हवं.

लस टोचणाऱ्यांचाही प्रश्न आहे. जिवंत लस असल्यामुळे सुई चुकून हाताला लागली किंवा डोळ्यात उडाली तर टोचणाऱ्यालाच रोग होऊ शकतो. हातमोजे, चष्मा, मास्क हवाच. तापलेल्या दुपारी वासरू उधळत असताना हे सगळं घालून काम करणं अवघड आहे हे खरं, पण सुई लागली तर 'काही होत नाही' म्हणून सोडून न देता त्याच दिवशी डॉक्टरकडे गेलं पाहिजे.

शेतकरी लपवतो, कारण त्याला परवडत नाही

प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायदा २००९ साली आला. ब्रुसेलोसिस त्याच्या यादीत आहे. अशा रोगाची शंका आली तर मालकाने गावपातळीवर कळवावं, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात गाय गाभडल्याची बातमी शेजाऱ्यालाही दिली जात नाही.

कारण साधं आहे. लाखाच्या घरातली दुभती गाय. तिच्यावर बँकेचं किंवा पतसंस्थेचं कर्ज. रोगाचा शिक्का बसला तर संकलन केंद्रावर दूध घेतील का, ही धास्ती. बाजारात निम्मी किंमतही येणार नाही. आणि खात्रीने रोगी निघालेल्या गाईचं करायचं काय? जनावरासाठी परवडणारा, खात्रीचा इलाज नाही. काही देशांनी तपासणी करून रोगी जनावरं काढून टाकली आणि मालकाला भरपाई दिली. आपल्याकडे गाय कापता येत नाही. २०१५ पासून राज्यात संपूर्ण गोवंश हत्याबंदी आहे. तो कायदा योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. पण रोगी गाय ठेवायची कुठे, तिचा खर्च कुणी करायचा, याचं उत्तर कायद्यानंतरही शेतकऱ्याच्या हातात मिळालेलं नाही.

मग तो काय करतो? वार पडली, गाय सावरली की काष्टीच्या, लोणीच्या नाहीतर घोडेगावच्या बाजारात गाय उभी करतो. दुसऱ्या तालुक्यातला शेतकरी, बहुतेक वेळा नवा धंदा सुरू करणारा तरुण, ती घेऊन जातो. रोग दाव्यासकट विकला जातो. विकणाऱ्यालाही अनेकदा माहीत नसतं की आपण काय विकतोय. त्याला एवढंच माहीत असतं की गाय गाभडली होती आणि हे सांगायचं नाही.

शेतकऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. खरं सांगणाऱ्याचं नुकसान होणार असेल तर कुणीच खरं सांगणार नाही. नोंद लपवली जाते ती भीतीपोटी. भरपाई किंवा विमा मिळाला तर ती भीती कमी होईल.

तालुक्यात काय करता येईल

सगळं दिल्ली-मुंबईवर सोडायची गरज नाही. काही गोष्टी तालुक्याच्या पातळीवर, आहे त्या माणसांत होऊ शकतात.

जनावरांच्या कानात बारा अंकी बिल्ला आहे. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नाही, असा राज्य सरकारचा आदेश आहे. त्या बिल्ल्यावर लसीकरणाची नोंद होते. गाभडल्याची नोंदही व्हायला हवी, आणि एकाच गावात महिन्यात दोन-तीन जनावरं गाभडली तर पशुधन विकास अधिकाऱ्याने तालुका आरोग्य अधिकाऱ्याला कळवायला हवं. एक फोन, एक कागद. एवढंच.

आरोग्य केंद्रात तापाच्या केस पेपरवर 'घरी जनावरं आहेत का, कुणी गाभडलं का' ही एक ओळ छापली तरी निम्मं काम होईल. आशा सेविका घरोघर जातातच, त्यांना हा प्रश्न शिकवता येईल. महिनाभर चालणारा ताप, घाम आणि धरलेली कंबर असा रुग्ण दिसला की त्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात रक्त तपासायला पाठवावं.

दूध संघ आणि खाजगी डेअऱ्या रोज फॅट-एसएनएफ मोजतात. गाईच्या एकत्र दुधावर ब्रुसेलाची चाळणी लावणारी मिल्क रिंग नावाची सोपी चाचणी आहे. वर्षात दोन वेळा गावनिहाय ती केली तर कोणत्या गावात लक्ष द्यायचं ते कळेल. शेतकऱ्याचं नाव पुकारायची गरज नाही, गाव कळलं तरी पुरे. जनावरांच्या नमुन्यांसाठी पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. नमुने तिथपर्यंत पोहोचवायचे ते तालुक्याच्या दवाखान्यातूनच.

घरच्या घरी काय पाळायचं

गाय, म्हैस किंवा शेळी गाभडली तर उघड्या हाताने काहीही धरू नका. कृत्रिम रेतनाला वापरतात तो खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा मेडिकलला किंवा दवाखान्यात मिळतो, दोन-चार घरात ठेवा. काहीच नसेल तर धड, न फाटलेली प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा. तोंडाला-नाकाला रुमाल लावा. हाताला जखम असेल त्याने पुढे होऊच नये. गरोदर बाई आणि पोरं त्या दिवशी गोठ्यापासून लांब ठेवा.

वासरू, वार, भिजलेला पाला उकिरड्यावर किंवा ओढ्याला टाकू नका. विहिरीपासून लांब खोल खड्डा घ्या, चुना टाका, पुरा, वर दगड ठेवा. कुत्र्याने उकरलं तर सगळं वाया. जागा जंतुनाशकाने धुवा आणि ऊन लागू द्या. उन्हात हा जिवाणू टिकत नाही, पण सावलीच्या ओल्या जागेत आठवडे-महिने राहू शकतो.

गाभडलेली गाय वेगळी बांधा, तिची धार सगळ्यात शेवटी काढा, आणि १९६२ या टोल फ्री क्रमांकावर किंवा दवाखान्यात कळवून रक्त तपासून घ्या. प्रत्येक गाभडणं म्हणजे ब्रुसेला असं नाही. मार लागणं, दुसरे जंतू, चाऱ्यातला दोष अशी कारणंही असतात. प्रत्येक सांधेदुखीही ब्रुसेला नसते. तपासल्याशिवाय कळत नाही.

दूध उकळूनच प्या. एका चांगल्या उकळीत हा जिवाणू मरतो. चहात, विरजणात, खिरीत आपण तापवलेलंच दूध वापरतो, ती चांगली सवय आहे. धोका आहे तो धारोष्ण दुधाचा. तालमीतल्या पोरांना गाईखालून थेट पेला देण्याची रीत काही घरांत अजून आहे. डेंग्यूच्या दिवसांत पेशी वाढतात म्हणून शेळीचं कच्चं दूध शोधत लोक वाड्यांवर फिरतात, त्याला वाट्टेल तो भाव देतात. पेशी वाढायच्या राहिल्या बाजूला, दुसरा ताप मात्र विकत घेतला जाऊ शकतो. चीक कच्चा चाखू नका; नीट शिजवलेल्या खरवसाला हरकत नाही.

नवी गाय घेताना सड, कास, दात, दूध बघतो, तसं एक विचारा, गाभडली होती का? आणि जमलं तर रक्त तपासून मगच दावणीला बांधा. निदान महिनाभर वेगळी ठेवा.

आणि कंबर धरली, ताप चढतो-उतरतोय, घाम येतोय, तर दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर विचारायची वाट बघू नका. आपणच सांगा: "साहेब, माझ्या गोठ्यात अमुक महिन्यात गाय गाभडली, वासरू मी हाताने काढलं." दोन खात्यांच्या नोंदवह्या एक व्हायला अजून किती वर्षं लागतील ते लागतील. तोवर गोठ्यातली नोंद दवाखान्यात पोहोचवायचं काम शेतकऱ्यालाच करावं लागणार आहे.